जिना वरून आखावा

घराच्या नकाशावर घरातले सगळे बोलतात. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या भिंतीला हवी, कपाटं किती खोल हवीत, बसायच्या खोलीचं दार किती रुंद असावं, यावर रात्री उशिरापर्यंत वाद रंगतात. जिन्याबद्दल मात्र कुणी हट्ट धरत नाही. खोल्या मनासारख्या बसल्या की जो कोपरा उरतो, तिथे आठ-दहा आडव्या रेघा मारल्या जातात, टोकाला बाण काढून ‘वर’ असं लिहिलं जातं आणि विषय मिटतो.

मला हे पटत नाही. दुमजली घरात जिना ही अशी गोष्ट, जी खालच्या आणि वरच्या दोन्ही मजल्यांवर एकाच जागी असावी लागते. खाली त्याला कोपरा दिला की वरचा कोपरा न विचारता गेला, आणि वरच्या सगळ्या खोल्यांना त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. शिवाय तो एकदा बांधला की हलत नाही. ओटा हलवता येतो, मधली विटांची भिंत पाडता येते, खिडकी बुजवून दुसरीकडे काढता येते. जिन्यासाठी मात्र स्लॅब ओततानाच मोकळी जागा सोडलेली असते, तिच्या कडेने बीम फिरवलेले असतात, त्या बीमांसाठी कॉलम ठरलेले असतात आणि कॉलमांसाठी पाया. जिन्याची जागा बदलायची म्हणजे घराचा सांगाडाच बदलायचा.

आमचं घर अजून कागदावरच आहे. घरात आई, आम्ही दोघं नवरा-बायको, कॉलेजला जाणारी मुलगी आणि तिच्यापेक्षा बराच लहान मुलगा. जागा मध्यम, मजले दोन. या सगळ्यांसाठी जिना कुठे असावा, याचा विचार करताना मी ज्या मताला येऊन ठेपलो ते असं: जिना खालून आखू नये, वरून आखावा. पहिली पायरी कुठे सुरू होते हे आधी पाहू नये. शेवटची पायरी माणसाला कुठे नेऊन सोडते, ते आधी पाहावं.

पण त्याआधी त्याला किती जागा लागते, ते तरी नीट कळायला हवं. कागदावर तो नेहमी आहे त्याहून लहान वाटतो. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत 3 मीटर उंची धरली आणि 18 उंच्यांत ती वाटली, तर एकेक पायरी पावणेसतरा सेंटिमीटरच्या आसपास उंच होते. पाऊल ठेवायला 28 सेंटिमीटर रुंदी दिली, तर सरळ जिन्याची लांबी पावणेपाच मीटरच्या वर जाते, कारण अठरावी पायरी म्हणजे वरचा मजलाच. उंची आणि रुंदी यांचं हे गणित फार जुनं आहे. सतराव्या शतकात फ्रँस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाने ते मांडलं. सपाटीवर चालताना माणसाचं पाऊल साधारण दोन फुटांवर पडतं आणि एक इंच वर चढायला दोन इंच पुढे जाण्याइतके कष्ट पडतात, असं धरून तो म्हणाला की दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून 24 इंच व्हावेत. आज बहुतेक जण ही बेरीज 60 ते 64 सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवतात. आमची 61 च्या थोडी वर येते. पाय अवघडत नाही आणि जागाही फार जात नाही.

जागा वाचवण्यासाठी बरेच जण पायऱ्या उंच आणि अरुंद करतात. पायरी 20 सेंटिमीटरची केली की जिना बराच आखूड होतो, हे खरं. पण तो आखूडपणा घरातलं प्रत्येक गुडघं रोज भरून देतं. जिन्याला जागा देणं जड जात असेल तर खोली कमी करावी, मजला वाढवू नये, काय वाटेल ते करावं. पायरी उंच करू नये.

आता वरच्या टोकाकडे येतो.

आमच्या आर्किटेक्ट बाईंनी पहिल्याच बैठकीत पारदर्शक ट्रेसिंग पेपर आणला होता. खालच्या मजल्याच्या नकाशावर तो पसरला आणि त्यावर फक्त जिन्याची जागा गिरवली. मग खालचा नकाशा काढून घेतला. समोर राहिला एक रिकामा कागद आणि त्याच्या कोपऱ्यात जिना. त्या म्हणाल्या, “तुम्ही आता शेवटच्या पायरीवर उभे आहात. इथून चारही खोल्यांमध्ये जाऊन दाखवा.” मी पेन्सिल टेकवली. पहिली खोली लगेच लागली. बाकीच्या तीन खोल्यांपर्यंत पोचायला घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पॅसेज काढावा लागला. एक मीटर रुंद, सात मीटर लांब, दोन्ही बाजूंना खोल्या असल्यामुळे मधे अंधारा. सात चौरस मीटर जागा केवळ चालण्यासाठी गेली, म्हणजे एक लहान खोलीच गेली.

मग त्यांनी दुसरा कागद घेऊन जिना घराच्या मधोमध गिरवला. आता शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की चारही दारं दोन-चार पावलांवर. पॅसेज नाहीच, एक छोटा चौक, त्यात फार तर पुस्तकांचं एक कपाट आणि बसायला बाक. वरच्या मजल्यावरची माणसं खोल्यांची दारं उघडून बाहेर आली की एकमेकांना दिसतील, असा तो चौक. माझं मन तिथेच ठरलं होतं.

पण मधोमध असलेल्या जिन्याला बाहेरची भिंत मिळत नाही आणि बाहेरची भिंत नाही म्हणजे खिडकी नाही. दिवसाढवळ्या दिवा लावून चढायचा जिना मला नको होता. इटलीतला वास्तुविशारद पॅलाडिओ याने 1570 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात जिन्याला तीन उघडी तोंडं लागतात असं सांगितलं आहे: एक खालून शिरायचं दार, दुसरी पायऱ्यांवर उजेड देणाऱ्या खिडक्या आणि तिसरं वर बाहेर पडायचं तोंड. आणि त्याचबरोबर, बाकीच्या घराला अडथळा होणार नाही अशी जागा जिन्यासाठी शोधणं अवघड असतं, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. साडेचारशे वर्षं होऊन गेली तरी पेच तोच आहे. मध्ये ठेवला तर उजेड जातो, कडेला ठेवला तर पॅसेज वाढतो.

या पेचातून बाहेर काढतो तो जिन्याचा आकार. आकार हा सौंदर्याचा प्रश्न आहे असं समजून आपण चित्रं पाहत बसतो. खरं तर कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं, हे तोच ठरवतो. सरळ जिना माणसाला पावणेपाच मीटर लांब नेऊन सोडतो. घराच्या एका टोकाला चढायला लागलात तर वर दुसऱ्या टोकाशी निघता. काटकोनात वळणारा जिना कोपरा धरून वर जातो. आणि अर्ध्यावर चौक, म्हणजे वळायपुरती सपाट जागा, घेऊन उलटा फिरणारा जिना, ज्याला बांधकामावर सगळे डॉग-लेग म्हणतात, तो माणसाला जिथून निघाला जवळजवळ तिथेच, एक मजला वर आणून ठेवतो. त्याला लांबी कमी लागते, रुंदी जास्त. आमच्या मापाने एकेक मीटर रुंद दोन फ्लाइट (पायऱ्यांच्या सलग रांगा), मधे दहा सेंटिमीटरची फट, म्हणजे 2.1 मीटर रुंदी. आठ पायऱ्या आणि एक मीटरचा चौक मिळून सव्वातीन मीटर लांबी. साधारण सात चौरस मीटर, खाली आणि वर दोन्हीकडे.

वळणावर चौकाऐवजी तिकोनी पायऱ्या बसवल्या तर आणखी जागा वाचते. त्या मी पहिल्याच दिवशी नाकारल्या. आतल्या कडेला त्या इतक्या निमुळत्या होतात की तिथे फक्त चवडा मावतो, आणि घाईने उतरणारं पोर नेमकं आतल्या कडेनेच उतरतं. गोल फिरणारा लोखंडी जिना गच्चीवर जायला चालेल. रोजच्या वापराचा, कुशीत झोपलेलं मूल घेऊन चढायचा जिना तो नव्हे.

खालच्या मजल्यावर प्रश्न वेगळा होता. तिथे अडचण मापांची नव्हती, माणसांची होती.

मुलीचं म्हणणं, जिना दाराशीच हवा. “पाहुणे बसलेले असले की मला त्यांच्यासमोरून जायचं नसतं, बाबा. दप्तर पाठीला, घामाघूम, आणि सगळे वळून बघणार.” बायकोला ते अजिबात मान्य नव्हतं. ती म्हणाली, “दारातून थेट वर गेलीस की तू आलीस कधी नि गेलीस कधी, मला पत्ताच लागणार नाही. मग हे घर कसलं?” दोघींचंही बरोबर होतं. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “मला आता वर चढून येणं व्हायचं नाही. तुम्ही सगळे वर असणार. मग वरचं माणूस खाली कुठून येतं, ते मला माझ्या जागेवरून दिसलं पाहिजे.”

या तीन वाक्यांत खालच्या मजल्याचा सगळा नकाशा आहे, असं मला वाटतं. जिना दाराशी नेला की वरचा मजला हळूहळू वेगळं घर होतो. ज्यांना पुढे वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे किंवा मुलाचा संसार वेगळा थाटून द्यायचा आहे, त्यांनी तो दाराशीच न्यावा, त्यांच्यासाठी तेच योग्य. पण ते ठरवून करावं, कोपरा उरला म्हणून नव्हे. उलट टोक म्हणजे बसायच्या खोलीतून जाणारा जिना. तिथे भेट टळतच नाही, आणि टळू नये असं वाटणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: दारापासून पहिल्या पायरीपर्यंत जी चालण्याची वाट पडते, ती खोली तिरकी कापते. त्या वाटेवर खुर्ची ठेवता येत नाही, आणि वाटेच्या दोन बाजूंना बसलेली माणसं एकमेकांशी बोलताना सारखी थांबतात, कारण मधून कुणीतरी जात असतं. मग मोठी खोली असूनही तिचा एकच कोपरा वापरला जातो.

दिसावं पण आडवं येऊ नये, असं काही जमतं का, हे आम्ही बरेच दिवस कागदावर करून पाहत होतो. जमतं. दारातून आत आल्यावर बसायची खोली एका हाताला ठेवून सरळ पुढे जायचं, आणि घराच्या मध्यावर जिना सुरू करायचा. बसलेल्या माणसाला जिन्याच्या पहिल्या तीन-चार पायऱ्या बाजूने दिसतात. जाणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून जावं लागत नाही, मान वळवून दोन शब्द बोलता येतात. बोलायचं नसेल तर तसंच वर जाता येतं. मुलीने हे मान्य केलं तेव्हा मला हायसं वाटलं. तिच्या वयाला तेवढी मोकळीक लागते, आणि ती दिली नाही तर मुलं घरात असून नसल्यासारखी राहतात.

आईसाठी जिना कसा असावा हा प्रश्न मी सोडून देणार नव्हतो, तिची खोली खाली असली तरी. सध्या आम्ही राहतो तिथे तिला जिना चढावा-उतरावा लागतो. ती उतरते तेव्हा मी पाहत असतो. आधी उजवा हात कठड्यावरून पुढे सरकतो आणि घट्ट होतो. मग एक पाय खाली येतो. दुसरा त्याच्या शेजारी येऊन टेकतो, तोवर हात तिथेच. एका पायरीवर दोन्ही पाय. गुडघा पूर्ण वाकत नाही म्हणून ती अंग जरा तिरकं करते आणि पाऊल पायरीवर आडवं ठेवते. अशी ती चौकापर्यंत येते. चौकात कठडा तुटतो. वरच्या फ्लाइटचा कठडा संपतो आणि खालचा जरा पुढे सुरू होतो. मधली दोन पावलं तिला आधाराशिवाय टाकावी लागतात. तेवढ्यापुरते तिचे दोन्ही हात अंगापासून थोडे दूर होतात, आणि पुढचा कठडा हाताला लागला की परत सैलावतात.

जिन्यावरून माणसं पडतात ती जास्त करून उतरताना. म्हणून नव्या घरात कठडा चौकातून अखंड वळवायचा, आणि भिंतीच्या बाजूलाही धरायला पाइप लावायचा. एकाच बाजूला आधार असला तर चढताना जो उजव्या हाताला येतो तो उतरताना डाव्या हाताला जातो, आणि दोन्ही हातांत सारखा जोर असतोच असं नाही. कठड्याच्या उभ्या सळ्यांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, लहान मुलाचं डोकं त्यातून जाता कामा नये. आडव्या सळ्या तर नकोच, मुलं त्यांची शिडी करतात.

आणखी एक बारकी गोष्ट. कच्चा जिना ओतताना सगळ्या पायऱ्या सारख्या असतात. मग खाली फरशी बसते, तिच्याखाली मसाला येतो, आणि जमीन चार-पाच सेंटिमीटर वर उचलली जाते. पायऱ्यांवरचा दगड तेवढ्या जाडीचा नसतो. परिणामी पहिली पायरी बुटकी होते आणि वरच्या मजल्यावर शेवटची पायरी उंच. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच उंची लक्षात ठेवतो आणि पुढे न बघता तेवढाच उचलला जातो. एका सेंटिमीटरचा फरकही त्याला अडखळवतो. म्हणून जिन्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावायच्या आधीच फरशीची आणि पायरीच्या दगडाची जाडी ठरलेली असली पाहिजे. दगड नंतर पसंत करू, असं म्हणायची सोय इथे नाही.

डोक्यावरची उंचीही अशीच कागदावर दिसत नाही. चढणाऱ्याच्या डोक्यावर कुठेही 2.1 मीटर तरी मोकळं हवं. वरचा स्लॅब 15 सेंटिमीटर जाडीचा धरला तर चौथ्या पायरीच्या पुढे डोक्यावर स्लॅब चालत नाही, तिथून तो उघडा पाहिजे. आणि तिथेच 45 सेंटिमीटर खोलीचा बीम आडवा गेला तर दुसऱ्या पायरीनंतरच अडचण सुरू होते. जिन्याची जागा ठरवताना बीम कुठून जाणार हे त्याच बैठकीत विचारावं, ते याचसाठी.

हवेचंही पाहावं लागतं. तापलेली हवा वर जाते आणि घरात वर जायची सगळ्यात मोठी वाट म्हणजे जिना. वरच्या चौकात उंचावर उघडणारी खिडकी ठेवली तर ती हवा बाहेर पडते आणि खालच्या खिडक्यांतून ताजी हवा आत ओढली जाते. उकाड्यात याचा फार उपयोग होतो. पण त्याच वाटेने फोडणीचा वासही वर जातो, टीव्हीचा आवाज जातो, आणि कधी आग लागलीच तर धूर जातो, तोही वरच्या माणसांना खाली येण्याच्या एकमेव वाटेत. त्यामुळे जिन्याच्या तोंडाशी उघडं स्वयंपाकघर नको, हे मी आग्रहाने मांडलं. बायकोला दार नसलेलं, बसायच्या खोलीशी जोडलेलं स्वयंपाकघर हवं होतं. आता स्वयंपाकघर बसायच्या खोलीकडून उघडं आहे, पण जिन्याच्या बाजूला भिंत आहे आणि मधे बंद करता येणारं सरकतं दार आहे. तिने ते तक्रार न करता मान्य केलं, हे मी इथे नोंदवतो, कारण तिची मूळ इच्छा त्यात अर्धीच पुरी झाली.

जिन्याला लागून असलेल्या भिंतीला कुणाच्या झोपेची खोली नको. असलीच तर त्या भिंतीला भिंतभर कपाट घ्यावं, आवाज बराच अडतो. सामान वर नेण्याचं एवढंच पाहावं, की कपाटाचा सगळ्यात लांब भाग आणि मोठी गादी चौकात वळते का. आणि जिन्याखालच्या जागेत संडास बसवायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या चौकाखाली जेमतेम सव्वा मीटरच्या वर उंची मिळते, तिथे माणूस उभा राहू शकत नाही. तिथे झाडू, शिडी, पेट्या राहतील.

या सगळ्या मागण्या एकत्र ठेवल्यावर जागा एकच उरली. घराच्या लांब बाजूची जी बाहेरची भिंत आहे, तिच्या मधोमध जिना. अर्ध्यावरचा चौक बाहेरच्या भिंतीला चिकटलेला, त्याला रुंद खिडकी. दोन्ही फ्लाइट तिथून घराच्या आत येतात, त्यामुळे खालची पहिली पायरी आणि वरची शेवटची, दोन्ही घराच्या मध्यावर. उजेड बाहेरच्या भिंतीतून मिळाला आणि वर पॅसेज लागला नाही. याची किंमत म्हणून जेवायच्या जागेला त्या भिंतीतली खिडकी मिळाली नाही; टेबल थोडं सरकवून दुसऱ्या बाजूला घ्यावं लागलं.

कागदावर ठरलं तरी मला ते पायांनी पाहायचं होतं. रिकाम्या जागेवर आम्ही फक्की मारून सगळा जिना खऱ्या मापात जमिनीवर आखला, पायरी न् पायरी. दाराच्या जागी दोन विटा ठेवल्या, आईच्या खुर्चीच्या जागी प्लास्टिकची खुर्ची. मुलगा त्या रेघांवरून मोजून उड्या मारत चौकापर्यंत गेला, वळला, परत आला. आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मला इथून काहीच दिसत नाही रे. माझ्या दारात भिंत येते.” आर्किटेक्ट बाई तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्यांनी पाहिलं, आणि आईच्या खोलीचं दार 60 सेंटिमीटर पुढे सरकवलं. फक्की पुसून नवी रेघ मारली. आता तिला पहिल्या चार पायऱ्या आणि घराच्या दाराची चौकट, दोन्ही दिसतात.

नकाशा सध्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे आहे. दार सरकल्यामुळे एक कॉलम थोडा हलवावा लागेल असं ते म्हणाले, पण तो पाया खणायच्या आधी हलतो आहे, त्यामुळे अडचण नाही. वर-खाली दोन्हीकडून लागणारे-विझणारे दिवे जिन्याला हवेत, ते विजेच्या नकाशात घालायचे आहेत. आणि वरच्या चौकात मुलीच्या खोलीचं दार आत उघडायचं ठरलं आहे, बाहेर नाही. बाहेर उघडलं तर ते नेमकं शेवटच्या पायरीवर येत होतं.